हितसंबंधाची नोंद

सँडरिग,
९ जानेवारी

चि. हेटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वर्षभरानेच का होईना, मोठा मी आहे. तेव्हा मुकाट्याने घे.

पत्र पाहून हसू नकोस. कॉलेज सोडलं त्याच दिवशी मी फोन नदीत फेकला, आणि ज्याने फेकला त्यानेच नवा घ्यावा असा आईने निकाल दिला. इथल्या घरच्या फोनवर बोलायचं तर डोरीनआत्या शेजारी विणत बसते आणि मी काही बोलायच्या आत समोरच्याला उत्तर देते. त्यापेक्षा कागद बरा.

मी मजेत आहे. हिवाळ्यात आत्याच्या कॅरॅव्हॅन पार्कात एकही पाहुणा नसतो. नळ गोठून फुटू नयेत म्हणून त्यांतलं पाणी काढून टाकायचं, गाद्या उभ्या करून ठेवायच्या, उंदरांनी कुठे संसार थाटलाय ते बघायचं, ही माझी नोकरी. दिवसभर वाऱ्याशिवाय कुणी माझ्याशी वाद घालत नाही. आत्या म्हणते, मी आल्यापासून कुत्री जरा गप्प झाली आहेत, बहुतेक मला घाबरून.

रूताची चौकशी मी करणार नाही. ती अजून तो हिरवा कोट घालते का, जीवशास्त्राच्या तासाआधी खिडकीत बसून सफरचंद खाते का, यातलं काहीच मला कळवू नकोस.

फक्त एक सांगतो. स्पेन्सरचा फोन आला होता. माझ्या रिकाम्या जागेसाठी, म्हणजे विद्यार्थी अध्यक्षपदासाठी, निवडणूक लागली आहे आणि अर्ज एकच आलाय. तिचा. जिने भर बैठकीत माझ्याविरुद्ध हात वर केला, ती आता माझ्याच खुर्चीत बसणार. पण आपल्याकडे मतपत्रिकेवर उमेदवारांच्या खाली आणखी एक चौकोन असतो, 'कुणीच नको, पुन्हा अर्ज मागवा' असा. लोक विसरतात, मी विसरलेलो नाही. मी स्पेन्सरला लांबलचक पत्र धाडलंय, की सगळ्यांनी फुली तिथेच मारावी. फार चांगलं पत्र झालंय. आत्याने वाचलं आणि म्हणाली की यात 'विश्वासघात' हा शब्द जरा जास्तच वेळा आलाय. तिला राजकारण कळत नाही.

आईबाबांना सांग, मी जेवतो. कळावे. तुझा लोभ गृहीत धरतो, कारण विचारला तर तू नाही म्हणशील.

तुझा भाऊ,
विल्फ

---

मार्शबी,
१४ जानेवारी

श्रीयुत विल्फ ऑडलिंग, मुक्काम उंदरांचा शेजार, यांस,

स. न. वि. वि.

आशीर्वाद पोहोचले. परत पाठवायची सोय असती तर पाठवले असते.

तुझं ते चांगलं पत्र स्पेन्सरने छापून कॅन्टीनमध्ये मायक्रोवेव्हच्या वर लावलंय. मायक्रोवेव्हची रांग तुला ठाऊक आहे. बीन्स गरम होईपर्यंत माणूस भिंतीवरचं काहीही वाचतो, त्यामुळे अख्ख्या कॉलेजने ते वाचलं. काहींना वाक्यं पाठ आहेत. स्पेन्सरने वर फलक केलेत, मोठ्या अक्षरांत 'पुन्हा अर्ज', आणि त्याखाली तुझं चित्र. चित्रात तू घोड्यावर आहेस.

आता शांतपणे वाच. कागद फाडू नकोस, मागच्या बाजूलाही लिहिलंय.

विटलम बाईंनी आईला फोन केला होता. प्राचार्या असूनही त्या तुझ्यावर अजून चिडलेल्या नाहीत, हे मला नवल वाटतं. पहिल्या वर्षाची प्रतिनिधी म्हणून त्या बैठकीत मीही होते. तू गळ्यातलं ओळखपत्र ओरबाडून फेकलंस आणि ते थेट बाईंच्या चहात पडलं. बाईंनी ते चमच्याने बाहेर काढलं, झटकलं आणि पुढचा विषय घेतला. तू जिन्यावर अजून ओरडत होतास.

तर बाई म्हणाल्या, विल्फची जागा फेब्रुवारीच्या सुट्टीपर्यंत धरून ठेवलेली आहे. निर्णय त्याच्या आत व्हायला हवा, कारण उन्हाळ्यातल्या परीक्षेला बसायचं तर त्यापुढे अभ्यास गाठता येणार नाही. मग वर्ष गेलं. इतिहासाचे सर बाईंना दोनदा भेटून आले म्हणे. पण वर्ष अर्धवट टाकून गेलेल्याला परत घ्यायचं तर आपल्या कॉलेजात तिघांनी बसून ठरवावं लागतं. प्राचार्या, एक शिक्षक आणि विद्यार्थी अध्यक्ष. तिघं हवेतच, दोघांवर चालत नाही. आणि अध्यक्ष गेला की त्याने नेमलेला उपाध्यक्षही जातो.

अध्यक्ष सध्या नाही. कारण तो कॅरॅव्हॅनमधले उंदीर मोजतोय.

म्हणजे रूता निवडून आली तर सुट्टीच्या आत ते तिघं बसतील. 'पुन्हा अर्ज' जिंकलं तर सगळं नव्याने सुरू, अध्यक्ष मार्चमध्ये मिळणार, आणि तू पुढच्या वर्षी माझ्याबरोबर माझ्या वर्गात बसणार. ही शेवटची गोष्ट मी कदापि होऊ देणार नाही. तुझ्या स्वतःच्या पत्राने तुझाच दरवाजा बंद होतोय, हे तुझ्या घोड्यावरच्या डोक्यात शिरतंय का?

हिरवा कोट घालते. सफरचंदाचं माहीत नाही, थंडी फार आहे.

लोभ आहे, पण त्याच्यावर फार ताण देऊ नकोस ही विनंती.

हेटी

---

सँडरिग,
१८ जानेवारी

चि. हेटीस,

आशीर्वाद, या खेपेस थोडे कमी.

तुझं पत्र वाचून मी समुद्रावर जाऊन आलो. फेकायला काही उरलं नव्हतं म्हणून दगड फेकले.

स्पेन्सरला ते फलक काढ म्हणून मी मुळीच सांगणार नाही. आता सांगितलं तर रूताला काय वाटेल? विल्फला परत यायचंय म्हणून तो शेपूट हलवतोय असं वाटेल. त्यापेक्षा मी जन्मभर गाद्या उभ्या करीन. जागा गेली तर गेली. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, जन्मभर नको, एप्रिलपासून पाहुणे येतात, तेव्हा तुझी खोली लागेल.

आणि कॉमन रूमचा विषय तू पुन्हा काढला नाहीस हे बरं केलंस. मतदानात हरलो तरी माझं म्हणणं बदललेलं नाही. निवडून आलो तेव्हा मी शब्द दिला होता की पूल टेबल हलणार नाही. कॉमन रूम मुलांची आहे. अर्ध्यात भिंत घालून तिथे कुजबुजायलाही बंदी असलेली अभ्यासाची खोली करायची असेल तर ग्रंथालय कशाला आहे? ते चारला बंद होतं हा ग्रंथालयाचा दोष. आणि सगळे आपापल्या घरी वाचू शकतात.

बाकी इथलं ठीक. इतिहासाचं पुस्तक मी चुकून बरोबर आणलंय, तर अधूनमधून चाळतो. घरात वाचणं मात्र अशक्य. एकीकडे आत्याचा टीव्ही, दुसरीकडे कुत्री, त्यात तिची मैत्रीण चहाला येते आणि कोपर खुपतंय ते तासभर सांगते. मी वर गेलो तर आत्या जिन्यातून विचारते, झोपलास का रे. शेवटी मी टोकाच्या रिकाम्या कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन बसायला लागलो. हातमोजे घालून पानं उलटावी लागतात, पण कुणी बोलत नाही. दोन धडे सलग झाले. असं घरी कधी झालं नव्हतं.

याचा त्या खोलीशी काहीही संबंध नाही. तू लावशील म्हणून आधीच सांगतो.

कळावे. रागात असलो तरी लोभ तिकडचा कमी होऊ नये.

विल्फ

---

मार्शबी,
२२ जानेवारी

प्रिय टोकाच्या कॅरॅव्हॅनमधल्या अभ्यासूस,

स. न. वि. वि.

मी संबंध लावत नाही. फक्त एक गोष्ट सांगते, जी मलाही आधी माहीत नव्हती. सराव परीक्षेच्या आठवड्यात मी रूताबरोबर तिच्या घरी गेले होते. त्यांच्या घरात वर त्यांच्यासारखंच आणखी एक लिथुआनियन कुटुंब राहतं. तिची आई भाजीच्या कारखान्यात रात्रपाळी करते, म्हणून दिवसा कुणी आवाज करायचा नाही. संध्याकाळी वरची मुलं घरी येतात, मग सगळेच आवाज करतात. रूता बाथरूममध्ये पाठांतर करते. मी हसले, तर ती म्हणाली, हसू नकोस, दार आतून लावता येणारी ती एकच खोली आहे. तिने मला बीटचं गार सूप दिलं, जानेवारीत. आणि तुझ्याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त विचारलं, की तुझ्या भावाला तिकडे हातमोजे आहेत का.

पुढच्या गुरुवारी कॅन्टीनमध्ये प्रचारसभा आहे. मी स्पेन्सरला स्वतः जाऊन सांगितलं, फलक काढ. तो म्हणाला, विल्फवर दबाव आलाय, मी मित्राला वाऱ्यावर सोडणार नाही. घोड्याला त्याने आता पंखही लावलेत. तुझ्या अक्षरात आल्याशिवाय तो कुणाचं ऐकणार नाही.

तेव्हा तुझं तू ठरव. लोभ असू दे, आणि टपालाची पेटी पाचला उघडतात हेही लक्षात असू दे.

हेटी

---

सँडरिग,
२४ जानेवारी

चि. हेटी,

घाईत आशीर्वाद. सोबतचा कागद स्पेन्सरला दे, आणि सांग की मायक्रोवेव्हच्या वर, घोड्याच्या तोंडावर लाव. दबाव कुणाचा नाही. आत्याने वाचला आणि या वेळी तिकीट स्वतः चिकटवलं.

तुझा, विल्फ

(सोबतचा कागद)

मार्शबीच्या सर्व विद्यार्थ्यांस, स. न. वि. वि.

माझं आधीचं पत्र तुम्ही वाचलंत. ते मीच लिहिलं होतं, आणि हेही मीच लिहितोय.

पूल टेबलाबाबत रूता चुकली असं माझं अजूनही मत आहे. पण त्या दिवशी बैठकीत माझ्या बाजूने ज्यांनी हात वर केले, त्यांतल्या निम्म्यांना विषय काय आहे हेच माहीत नव्हतं. स्पेन्सर तर मोबाइलवर मॅच बघत होता. विरुद्ध मत देणाऱ्यांत ती एकटीच, मी काय करीन हे ठाऊक असूनही, माझ्या डोळ्यांत बघत हात वर करून मोकळी झाली. असा माणूस अध्यक्ष नको तर कोण हवा? आपल्या मंडळात मायक्रोवेव्ह आणखी एक हवा की नको यावर वर्ष जातं. ही तो मिळवून दाखवील.

तुम्हाला कुणी सांगेल की रूता निवडून आली तर माझी परत यायची सोय होते. खरं आहे. हे तिला माझ्याकडूनच कळावं म्हणून इथे लिहितोय. तिने मला परत घेऊ नये असं तिला वाटलं, तर ती तसंच मत देईल, आणि तरीही तुम्ही तिलाच मत द्या.

घोडा काढून टाका. मला घोड्यावर बसता येत नाही.

विल्फ ऑडलिंग

---

मार्शबी,
३१ जानेवारी

प्रिय विल्फ,

स. न. वि. वि. आज टोमणे नाहीत, पहिल्या परिच्छेदात तरी.

रूता निवडून आली. चांगली निवडून आली. 'पुन्हा अर्ज'लाही बरीच मतं पडली, पण स्पेन्सर म्हणतो त्यांतली काही निव्वळ घोड्याला होती.

सभेची हकिकत सांगायलाच हवी. तुझा कागद स्पेन्सरने स्वतः खुर्चीवर उभं राहून वाचला. मॅचवाल्या वाक्यापाशी थांबला, लाल झाला, आणि पुढे वाचत राहिला. मित्र म्हणून तो सोन्यासारखा आहे. सगळे हसत होते. रूता हसली नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, की पूल टेबलाचं काय. ती म्हणाली, ते टेबल खिडकीकडे उतरतं आहे, दाराच्या बाजूने खेळणारा नेहमी जिंकतो. विल्फ ऑडलिंगला दाराशिवाय दुसरीकडून खेळताना कुणी पाहिलंय का? अख्खं कॅन्टीन हसून लोळलं. विल्फ, तू खरंच नेहमी दाराच्या बाजूने खेळायचास. पालकदिनी बाबांशीसुद्धा.

सभा संपल्यावर भिंतीवरचे सगळे फलक उतरवायचे होते. तुझा कागद तिने स्वतः काढला, टाचण्या परत डब्यात टाकल्या, आणि कागद घडी करून जीवशास्त्राच्या पुस्तकात ठेवला. मी बघतेय हे तिला दिसलं. म्हणाली, रद्दीत जायला नको. मी म्हटलं, हो ना.

तिघांची बैठक सहा तारखेला. तू यायचं नाहीस, फक्त लेखी निवेदन पाठवायचं. एरवी मुलाला समोर बोलावतात, पण बाई म्हणाल्या की या वेळी त्यांना चहा शांतपणे प्यायचा आहे. निवेदन छोटं लिही. 'विश्वासघात' हा शब्द नको. तुला परीक्षेला का बसायचंय तेवढंच सांग.

रूता तिथे आहे म्हणजे झालंच असं आई म्हणते. तिने तुझी चादर धुवायलाही टाकली. मी तिला सांगितलं, रूता कुणाच्या बाजूने हात वर करील ते सांगता येत नाही, हे आपल्या घराइतकं कुणाला ठाऊक आहे?

लोभाचं काय लिहू, या आठवड्यात तो उतू चाललाय.

हेटी

---

मार्शबी,
७ फेब्रुवारी

विल्फ,

स. न. वि. वि. बसून वाच. निकाल मला माहीत नाही, तो बाई तुला थेट कळवणार. जे माहीत आहे ते सांगते.

काल संध्याकाळी बससाठी थांबले होते तेव्हा क्लेमेंट भेटला. क्लेमेंट म्हणजे पहिल्या वर्षाचा तो टाय लावणारा, रूताने नेमलेला विद्यार्थी मंडळाचा नवा उपाध्यक्ष, ज्याला तू एकदा ग्रंथालयातलं झुरळ म्हणाला होतास. शांत खोलीची मूळ कल्पना त्याचीच. तो फार अस्वस्थ होता. त्याला बैठकीच्या ऐन वेळी वर्गातून बोलावून नेलं होतं. मी विचारलं, तुला कशाला, तिथे तर अध्यक्ष बसतात.

तर तो म्हणाला, निर्णय गोपनीय आहे, त्याबद्दल तो अवाक्षर बोलणार नाही. पण हितसंबंधाची नोंद जाहीर असते, ती कुणालाही सांगता येते. आपल्याकडे कुठलीही बैठक सुरू होताना विचारतात ना, समोरच्या विषयात कुणाचा काही हितसंबंध आहे का? सगळे खाली बघतात आणि पुढे जातात. बाईंनी तसं विचारलं. आणि रूता म्हणाली, आहे.

बाईंनी विचारलं, नातं आहे का? नाही. काही व्यवहार? नाही. मग कसला? रूता म्हणाली, वैयक्तिक, असं लिहा. बाई म्हणाल्या, थोडं स्पष्ट केलं तर बरं. ती म्हणाली, अर्जदारालाच अजून स्पष्ट केलेलं नाही, तर कागदावर आधी कसं करू? मग उठली, कोट उचलला, आणि नियमाप्रमाणे खोलीबाहेर गेली. अध्यक्ष बाहेर गेला की उपाध्यक्ष बसतो, म्हणून क्लेमेंट.

हे सगळं इतिहासाच्या सरांनी त्याला कामकाज समजावताना सांगितलं. आणि क्लेमेंटची तक्रार एवढीच, की नोंद अपुरी आहे, प्रकार लिहायला हवा होता. त्याने ते मला तीनदा सांगितलं. शेवटपर्यंत त्याला दुसरं काही सुचलं नाही. बस आली तेव्हा मी इतकी हसत होते की चालकाने विचारलं, बरी आहेस ना, बाळ.

पण विल्फ, हसून झाल्यावर मला धसका बसला. एक मत तुझं म्हणावं असं होतं, ते तिने स्वतः उठवून बाहेर नेलं, आणि त्या जागी तू झुरळ म्हटलेला मुलगा बसला. एकही विरोधी मत पडलं तर परत घेत नाहीत. मी क्लेमेंटकडे बघून काही कळतंय का पाहत होते. त्याच्या चेहऱ्यावर टाय सोडून काही दिसत नाही.

आईने चादर वाळत घातली आहे, पण इस्त्री केली नाही.

लोभ असू दे, आणि उत्तर आलं की आधी मला कळव, नंतर समुद्राला.

हेटी

---

सँडरिग,
११ फेब्रुवारी

प्रिय रूता,

स. न. वि. वि.

तुला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. भिंतीवर लावलेली धरत नाही.

आज सकाळी विटलम बाईंचं उत्तर आलं. सुट्टी संपली की त्या सोमवारी मी हजर व्हायचं आहे. तिघांनी एकमताने ठरवलं. क्लेमेंटने आपलं मत कारणासकट नोंदवलंय, आणि बाईंनी ते मुद्दाम मला उतरवून पाठवलं. तो म्हणतो, अर्जदार त्याच्याशी उर्मटपणे वागला आहे, पण उर्मट माणसांनी परीक्षेला बसू नये असा नियम त्याला कुठे सापडला नाही. मी हे आत्याला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली हा मुलगा पंतप्रधान होईल. मी तिला म्हटलं, झाला तर माझं मत त्याला.

पत्र आलं तेव्हा मी कॅरॅव्हॅनच्या छपरावर होतो. आत्या खालून ओरडत होती की खाली ये, मी म्हणत होतो वाचून दाखव, आणि ती म्हणत होती की तू पडशील. शेवटी तिने वाचलं. मी पडलो नाही. हेटीला तेवढं सांग, तिने पैज लावली असेल.

पूल टेबल हलवायला नको, हे मी सोमवारीही म्हणेन. तू त्याला उत्तर देशील, आणि ते मला जेवणाच्या सुट्टीत पुरेल. खोली झाली की मी तिथे येऊन बसेन. बोललो तर बाहेर काढ, तुला तो अधिकार आहे.

तू बैठकीत काय नोंदवलंस ते हेटीकडून कळलं. तिच्यावर रागावू नकोस, ती नोंद जाहीर असते असं क्लेमेंट म्हणतो. आधी मला धडकीच भरली, की ही आत बसली असती तर माझं काम झालं असतं, आणि ही उठून निघून गेली. मग मी टोकाच्या कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन बसलो, तेव्हा कुठे कळलं. माझ्या बाजूने हात वर करणारे मला पुष्कळ भेटले. माझ्यासाठी खोलीबाहेर जाणारं कुणी भेटलं नव्हतं.

प्रकार स्पष्ट कर असं मी म्हणणार नाही. सवडीने कर. माझ्याकडून म्हणशील तर माझा हितसंबंध पहिल्या वर्षापासूनचा आहे, आणि तो वाटेल त्या बैठकीत, वाटेल तेवढ्या मोठ्याने मी सांगायला तयार आहे. तुला ठाऊकच आहे, मोठ्याने सांगणं मला जमतं.

आता मंडळात माझा विषय निघाला की दर वेळी तुला उठून बाहेर यावं लागेल. मी अध्यक्ष नाही, सदस्यही नाही, म्हणजे आत मला जागा नाही. तेव्हा दाराबाहेर मी असेन. बाकी काही नाही, तू एकटी उभी राहू नयेस म्हणून.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो असल्याची नोंद झालेली आहे म्हणतात. तेव्हा तो राहावा, एवढंच मागतो.

तुझा,
विल्फ